पुढे नेऊ नका, आमचा नंबर लावा!

भारतीय संविधानाचे कलम १५(२) चळवळीतील बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ असते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशा ठिकाणी केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला अटकाव करता येणार नाही, असे हे कलम बजावते. सभेत बोलताना आपण विहिरीवर आणि तलावावर थांबतो. ते साहजिकच आहे. चवदार तळ्याचे महाड आणि आमचे उलवे एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. परंतु त्याच यादीत आणखी एक जागा नोंदलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे! पाणी, रस्ता आणि करमणूक एकाच कलमात बसवली आहे. याचा अर्थ आम्ही असा लावतो की, चार लोकांत बसून हसणे-खेळणे ही चैन नव्हे, तो नागरिकत्वाचाच भाग आहे.

हे कलम आम्हाला नव्याने वाचावे लागले ते एका सहलीमुळे. गेल्या वर्षी वर्षावास संपल्यानंतर उलव्यातील आमच्या विहाराची सहल एका करमणूक उद्यानात गेली होती. उद्यानाचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका उद्यानाचा नाही. सहलीत नववीत शिकणारी एक मुलगी होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकरच्या आधाराने ती चालते. दुसरा आठ वर्षांचा मुलगा. तो स्वमग्न आहे, ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. मुलीचे वडील कंटेनर यार्डात कंत्राटी कामगार, तर मुलाची आई उलव्यातल्याच सोसायट्यांत स्वयंपाकाची कामे करते. दोन्ही घरांनी भिशीच्या पैशांतून तिकिटे काढली होती. तिकीट खिडकीवर मात्र पूर्ण समता होती. पैसे सर्वांकडून सारखेच घेतले गेले.

आत गेल्यावर समता संपली. पहिल्याच राईडला पाऊण तासाची रांग होती. लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट, प्रत्येक वळणावर वॉकर अडकायचा. बसायला बाकडे नाही. लघवीला जायचे तर रांग सोडायची, आणि रांग सोडली की पुन्हा शेवटी उभे राहायचे. पंधरा मिनिटांत मुलीचे पाय थरथरू लागले. एका सुरक्षारक्षकाला दया आली. त्याने तिला बाहेर पडण्याच्या दाराने थेट पुढे नेले. मागून आवाज आला, ‘आम्ही काय फुकट आलोय का?’ दुसरा म्हणाला, ‘जाऊ द्या हो, बिचारी आहे.’ मुलगी राईडमध्ये बसली खरी, पण उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पुढच्या राईडपाशी आम्ही पुन्हा त्या सुरक्षारक्षकाला शोधू लागलो. तेव्हा तिने आमचा शर्ट ओढला आणि म्हणाली, ‘वकील काका, मला पुढे नका नेऊ. माझा नंबर लावा. बँकेत टोकन देतात ना, तसं. मी बसते. नंबर आला की जाते.’

आम्ही वीस वर्षे वकिली करतो. ‘वाजवी सोय’ या कायद्यातील शब्दांची इतकी सोपी व्याख्या आम्हाला अजून कोणत्या निकालपत्रात सापडलेली नाही.

मुलाची गोष्ट वेगळी. त्याचे हातपाय धडधाकट आहेत. पण भोंग्याचा आवाज, अंगाला अंग घासणारी गर्दी आणि दोन्ही बाजूंना कठडे, हे त्याला सहन होत नाही. त्याने कान दाबून धरले, मग किंचाळायला सुरुवात केली. आई त्याला घेऊन बाहेर आली. थोड्या वेळाने तो शांत झाला, तेव्हा तिने दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारले की आमची जागा आम्हाला परत मिळेल का? उत्तर मिळाले, ‘ह्याला काय झालंय? दिसायला तर चांगला आहे.’ तिने पिशवीतून सरकारी प्रमाणपत्र काढले. ते त्याने हातातही घेतले नाही. व्हीलचेअर असेल तरच, म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो मुलगा झाडाखाली बसून लांबून आकाशपाळणा बघत राहिला. तिकीट पूर्ण दिवसाचे होते.

आणि याच वेळी शेजारच्या कठड्यातून काही मंडळी झरझर पुढे जात होती. त्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी होती. ती जास्त पैसे भरले की मिळते. त्यांना कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. ‘आम्ही काय फुकट आलोय का’, असेही त्यांना मागून कोणी म्हटले नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा नमुना आम्हाला त्या कठड्यांमध्ये दिसला. पैसेवाल्याला हक्काने पुढे, धडधाकटाला उभे राहून पुढे, अपंगाला दयेने पुढे, आणि ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्याला थेट बाहेर!

आता कोणी म्हणेल, रांग ही सर्वांना सारखीच असते, तिच्यात भेदभाव कुठे आला? हा युक्तिवाद वरवर समतेचा वाटतो म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. रांगेचा मूळ अर्थ काय? जो आधी आला त्याला आधी संधी. म्हणजे रांग हा वेळेचा क्रम आहे. पायांवर उभे राहणे हे त्या क्रमाची खूण ठेवण्याचे एक साधन झाले, तो काही रांगेचा हेतू नव्हे. दवाखान्यात, बँकेत आपण नंबर घेतो आणि बसून राहतो. तेथे क्रम मोडत नाही. मग पाऊण तास थांबायचे असेल तर सगळ्यांनी पाऊण तास थांबावे. परंतु कोणी कठड्यात उभा राहून थांबेल, कोणी बाकावर बसून थांबेल आणि कोणी शांत कोपऱ्यात आईच्या मांडीवर थांबेल. वेळ सर्वांची सारखी घ्या, देहाची किंमत सारखी मागू नका. एवढीच मागणी आहे. त्या मुलीने पुढे जाण्याचा विशेषाधिकार मागितला नव्हता, तिने तिचा नंबर मागितला होता.

जगात हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील डिस्ने कंपनीच्या उद्यानांत पूर्वी अपंगांसाठी एक कार्ड मिळत असे आणि ते दाखवून बऱ्याचदा लगेच पुढे जाता येई. २०१३ मध्ये तेथील वृत्तपत्रांत बातम्या आल्या की, काही धनाढ्य कुटुंबे पैसे देऊन अपंग व्यक्तींना सोबत घेतात आणि त्यांच्या कार्डावर रांगा चुकवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते कार्ड बंद करून नवी पद्धत आणली. नव्या पद्धतीत राईडला जेवढा वेळ लागत असेल तेवढ्या वेळानंतरची वेळ लिहून मिळते, आणि तोवर माणूस रांगेबाहेर कोठेही थांबू शकतो. आमच्या उलव्याच्या मुलीने मागितले ते हेच!

ऑटिझम असलेल्या एका तरुणाच्या वतीने या पद्धतीविरुद्ध खटला झाला. त्याला थांबणेच जमत नाही, म्हणून लगेच प्रवेश मिळावा, अशी मागणी होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. जून २०२० मध्ये मात्र निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मागितलेली सवलत आवश्यक नाही आणि ती दिली तर उद्यानाचे कामकाजच मुळातून बदलेल, असे न्यायालयाने धरले. पुढे २०२४ मध्ये कंपनीने ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती मर्यादित केली, तेव्हा इतर अपंग नाराज झाले. यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. सोय नीट आखली नाही तर तिचा गैरफायदा पैसेवाले घेतात. आणि गैरफायद्याचा बंदोबस्त करताना शिक्षा मात्र खऱ्या गरजूला होते. बोगस जातप्रमाणपत्रांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आले आणि ऑटिझमही आला. म्हणजे ‘दिसायला तर चांगला आहे’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. या कायद्याने सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या केली आहे, तीत सरकारी आणि खाजगी दोन्ही इमारती आहेत आणि विरंगुळा व करमणुकीच्या जागाही स्पष्ट शब्दांत आहेत. आणखी महत्त्वाचे म्हणजे, वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे कायदा सांगतो. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे केलेला बदल. एका चिठ्ठीवर वेळ लिहून देणे हा कोणत्या उद्यानावर अवाजवी भार आहे?

मालमत्ता खाजगी आहे, आमचे नियम आम्ही ठरवू, असे उत्तर मिळते. हे उत्तर रायगड जिल्ह्याला नवीन नाही. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात केला. तो लढा बाबासाहेबांनी दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. जागा कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती लोकांसाठी खुली आहे की नाही, हे पाहण्याची आपली परंपरा तेथून सुरू होते.

२०१६ च्या कायद्याचेही तसेच झाले आहे. कागद तयार आहे. जून २०१७ मध्ये नियम आले. सेवा देणाऱ्या सरकारी व खाजगी संस्थांना दोन वर्षांची आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. त्या नियमांतही पळवाट होती. सुगम्यतेचे निकष सक्तीचे असायला हवेत, ते निव्वळ शिफारशीसारखे ठेवले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून, तीन महिन्यांत सक्तीचे निकष करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्याआधी १२ मे २०१६ रोजी जीजा घोष यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष २०१२ मध्ये गोव्याला परिषदेसाठी निघाल्या असताना त्यांना विमानातून खाली उतरवण्यात आले होते. अपंगांच्या हक्कांच्या मुळाशी दया नव्हे, माणसाची प्रतिष्ठा आहे, हा त्या निकालाचा गाभा आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक राईड प्रत्येकाला खुली करा, असे आमचे म्हणणे नाही. उंचीची पट्टी असते, हृदयविकाराच्या रुग्णांसाठी सूचना असते, जोराने फिरणाऱ्या राईडमध्ये पट्टा आणि दांडी घट्ट धरता यावी लागते. जीव वाचवणारी अट भेदभाव नव्हे. परंतु ती अट त्या राईडच्या यंत्रावरून ठरली पाहिजे, माणसाच्या कपाळावरच्या शिक्क्यावरून नाही. ‘अपंगांना प्रवेश नाही’ अशी सरसकट पाटी आणि ‘या राईडमध्ये दोन्ही हातांनी दांडी धरता यायला हवी’ अशी पाटी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली पाटी माणूस नाकारते, दुसरी पाटी धोका सांगते.

नावाविषयीही दोन शब्द. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदावर रुळला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. विभागाचे स्वागतच आहे. पण गोड नाव देऊन प्रश्न सुटत नाही, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला होता. देवाचे अंग म्हणा की देवाचा जन म्हणा, कठड्यात अडकलेला वॉकर काही त्या नावाने सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि तेव्हा मोजणीचे प्रकारही कमी होते. इतक्या माणसांना विशेषण नको, व्यवस्था हवी.

मग आपण काय करायचे? पहिली गोष्ट, तक्रार लिहून करायची. तोंडी भांडणाची नोंद कोठेही राहत नाही. तिकीट जपून ठेवा, अपंगत्वाच्या ओळखपत्राची प्रत जोडा, कोणत्या राईडला, किती वाजता, कोणती सोय मागितली आणि काय उत्तर मिळाले ते लिहा. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. तिकीट घेणारा ग्राहक असतो, म्हणून ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपल्या रायगडचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. वकिलाने हे लिहिणे धंद्याच्या विरुद्ध आहे, तरीही लिहितो!

दुसरी गोष्ट खास उलवेकरांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, उरणपर्यंत लोकल गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता येथे मॉल येतील, खेळघरे येतील, उद्याने येतील. जेथे गर्दी तेथे रांग. २०१६ च्या कायद्याचे कलम ४४ सांगते की, सुगम्यतेचे निकष पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. येथे नियोजन प्राधिकरण सिडको आहे. बांधून झाल्यावर कठडे तोडायला लावण्यापेक्षा नकाशावर हरकत घेणे सोपे. रुंद वळणे, बसायला बाक, सावली, एक शांत खोली, टोकनची खिडकी आणि सोबतच्या माणसाला बरोबर राहू देणे, एवढ्या सहा गोष्टी मागायच्या. टोकन मोबाईलवर देणार असाल तर ते अंधांनाही वापरता आले पाहिजे. डिजिटल सेवांची सुगम्यता हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी, आणि ती सर्वांत कठीण आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते. तेथे वॉकर घेतलेल्या आजीला स्वयंसेवक हात देतात, वाट करून देतात. हे आपले संस्कार आहेत आणि त्यांचा अभिमान आहे. पण हात देणे ही माणुसकी झाली, व्यवस्था नव्हे. स्वयंसेवक दिसला तर हात मिळतो, नाही दिसला तर नाही. आपल्या किती विहारांना रॅम्प आहे? किती विहार पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या टोकाला आहेत? आमच्या विहाराला तीन पायऱ्या आहेत. ती मुलगी दर रविवारी वडिलांच्या खांद्याचा आधार घेऊन चढते, आणि इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाला त्या पायऱ्या दिसल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या कठड्याकडे बोट दाखवण्याआधी आपली पायरी मोजली पाहिजे.

सहलीहून परतल्यानंतरच्या बैठकीत हा विषय निघाला. वर्गणी काढून रॅम्प बांधायचे ठरले आहे. मुलीला आम्ही सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘आणि त्या पाळण्याचा नंबर?’ आम्ही म्हणालो, तक्रार लिहायला घेऊ. ती म्हणाली, ‘मग त्याचंही नाव घाला, झाडाखाली बसला होता त्याचं.’ तक्रारीत दोन्ही नावे घातली आहेत. दया मागून पुढे गेलेला माणूस एकटाच जातो. हक्काने नंबर लावणारा मात्र मागच्याचीही जागा राखतो. महाडला आपण हेच शिकलो आहोत.

जय भीम! जय संविधान!